लेकवरचं गेट

परीक्षितदादा,

व्हिटबीला लेकच्या, त्या मोठ्या सरोवराच्या, काठी बाबा बारा वर्षं गळ टाकून बसायचे. तू तिथेच घर घेतलंस, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद त्यांना झाला. मग तुम्हा कॉलनीवाल्यांना मासळीचा वास खटकायला लागला. सह्यांचं पिटिशन काढून तुम्ही काठाकडच्या वाटेवर गेट बसवलंत.

गार्डने हटकलं, तेव्हा बाबा बादली उचलून परतले.

"मुलगा इथेच राहतो, असं सांगायचं ना!" मी म्हणाले.

"कशाला? त्याला कमीपणा आला असता."

काल तू फोनवर म्हणालास, "बाबांच्या अस्थी तिथेच सोडू, गेटची चावी आहे माझ्याकडे."

चावी ठेव जपून. मी आज सकाळीच पलीकडच्या धक्क्यावरून अस्थी सोडल्या. तिथे अजून कुणालाही गळ टाकता येतो.

हे पत्र मात्र पाठवणार नाही. पिटिशनवर तुझ्या खालची सही माझीच आहे.

ऊर्मी