बाबांची सुरगाठ

प्रिय दादा,

मागच्या आठवड्यात फोनवर म्हणालास, सगळं मार्गी लागलं. तुझं लागलं असेल. मी काल बाबांना भेटून आले, तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

त्या वृद्धाश्रमातली त्यांची खोली स्वच्छ आहे. खिडकीतून फक्त गाड्या लावायची जागा दिसते. मी आत पाऊल टाकताच त्यांनी विचारलं, थंडी वाढली का, संत्र्याला पाणी दिलंस का. थंडीत त्यांचा तोच तर उद्योग असायचा. दव गोठणार असं वाटलं की दुपारीच बुंध्याशी भरपूर पाणी, कारण ओली माती रात्रभर ऊब सोडते. मग झाडापेक्षा उंच चार काठ्या आणि त्यांवर जुन्या चादरी, पार जमिनीपर्यंत. कापड पानाला टेकता कामा नये, म्हणून आपल्या दोघांना चारही बाजूंनी फिरून बघायला लावायचे. बांधायचं ते सुरगाठीनं, सकाळी ऊन आलं की एका ओढीत सुटावी म्हणून. तू एकदा निरगाठ मारलीस तेव्हा त्यांनी तुझा कान पिरगाळला होता आणि तू दोन दिवस गाल फुगवून बसला होतास.

आणि यंदा तेच झाड करपलं. पानांवरच प्लास्टिक गुंडाळलेलं, भर दुपारपर्यंत तसंच. पानं काळी ठिक्कर. बाबा म्हणाले, मीच बांधलं, चुकलं माझं. ती चूक तू गावभर केलीस. डॉक्टरांना सांगितलीस, आत्याला सांगितलीस, मलाही ऐकवलीस, की जन्मभर वजनकाटे तपासणारा माणूस झाड कसं झाकायचं ते विसरतो, उद्या गॅस चालू ठेवून झोपेल. मी मान डोलावली. त्याची लाज माझी मलाच आहे.

परवा बाबांच्या घरची मागची खोली आवरायला घेतली. कोपऱ्यात ते प्लास्टिक कोंबलेलं होतं. झाड झाकलं त्या दिवशी तू बाबांसाठी नवी गादी आणलीस ना, तिचंच वेष्टन, तुझं नाव लिहिलेल्या चिठ्ठीसकट. आणि त्याला लोंबत होत्या तुझ्या कामावरच्या, वायरी आवळायच्या नायलॉनच्या पट्ट्या. बाबांना त्या दिवशी कणकण होती, ते पडूनच असणार. त्या पट्ट्या हातानं सुटत नाहीत, दादा. बाबांच्या बोटांना हल्ली शर्टाचं वरचं बटणही लागत नाही. सकाळी ते बाहेर येऊन ओढत बसले असतील. कात्री शोधून कापेपर्यंत ऊन डोक्यावर आलं असेल.

बांधलंस ते चांगल्या मनानं, त्यांची धावपळ वाचावी म्हणून, हे मला कळतं. झाडावरून मी तुझ्याशी भांडले नसते. पण त्यांनी तुला पाठीशी घातलं आणि तू त्याचाच दाखला करून त्यांना घराबाहेर काढलंस. याचा मला फार राग आहे, आणि तो जाईल असं वाटत नाही.

काल मी त्यांना स्पष्टच सांगितलं, बाबा, ते तुम्ही बांधलं नव्हतं.  ते म्हणाले, नाही गं, मीच बांधलं असणार, हल्ली माझ्या लक्षात राहत नाही. ते आता तुला वाचवत नाहीत, दादा. त्यांना ते खरंच वाटायला लागलंय. त्यांना तिथे कायमचं ठेवायच्या कागदावर शुक्रवारी आपल्या दोघांच्या सह्या हव्या आहेत, माझी मिळणार नाही. संत्र्याला खाली दोन कोंब आलेत, तेही त्यांना सांगितलं, तर म्हणाले, आता तूच झाक, माझा भरवसा नाही. शुक्रवारच्या आधी जा, त्यांच्यासमोर बस आणि कुणी बांधलं ते तुझ्या तोंडानं सांग. माझ्यावर त्यांचा विश्वास बसत नाही. तुझ्यावर आहे, म्हणून तर ते तिथे जाऊन राहिलेत.

तुझीच, अजून तरी,
धाकटी