प्रतिभा शोधत येईपर्यंत मुक्काम जंगलात

२८ एप्रिल १९९८, सकाळ
निघालो. कॉलेज दिवाळीतच सोडलं, आज इंदिरानगर सोडलं. प्रतिभा सगळ्यांसमोर म्हणाली, "आईच्या डब्याशिवाय एक दिवस तरी राहशील का रे?" आता बघ म्हणावं. कायमचा जंगलात राहणार. रडत शोधत येईल, मग विचार करू. मित्राला, ज्ञानेशला, बजावलंय, तिला अजिबात सांगू नकोस. म्हणजे सांगेलच.

संध्याकाळ
हरसूलच्या एसटीत शेजारच्याच्या कोंबडीने माझ्या बुटावर केलं. माणसांचा वीट आलाय.
जागा मात्र फर्स्टक्लास. गावाच्या वर, झाडीत, सपाट. डहाळ्या आणि वाळका पाला थरावर थर आपोआप पडलेला. गादीच! एक उग्र वास येतो. अस्सल मातीचा असणार.

२९ एप्रिल
अंगभर गांधी. मुंग्या, शिवाय आणखी काहीतरी. मॅगी कच्ची खाल्ली. काडेपेटी मुद्दामच आणली नव्हती.
खालच्या पाड्यावरचा सहादू आणि त्याची बायको नवसाबाई आले. सहादू म्हणाला, "भाऊ, उठा. हा आमचा राब हाय, पेटवायचाय." माझं डोकंच फिरलं. जंगल काय तुमच्या बापाचं, म्हणालो. तर म्हणे, "जंगल नाय, वावर हाय. बापाचंच." नवसाबाई पदराआड हसली. "घरी भांडून आला का बायको पळाली?"
बायको व्हायची आहे. पळेल कशी?

१ मे
ओढ्याचं पाणी प्यायलो. पुढचं लिहिण्यासारखं नाही. निसर्ग अत्यंत घाणेरडा आहे.
प्रतिभा आली नाही. एसटीला गर्दी असेल.

४ मे
ओढ्यावरून परत येतो तर गादी पेटलेली! बॅग आणि चादर दगडावर नीट ठेवलेली, म्हणजे वर उपकार. सहादू म्हणे, "किती दिस वाट बघायची तुमच्या उठायची?" शेण पसरायचं, वर डहाळी-पाला रचायचा, पावसाआधी जाळायचं आणि त्या राखेत भाताचं बी टाकायचं. हा त्यांचा राब.
खाली शेण होतं. मी त्यावर गाल टेकून प्रतिभाची स्वप्नं बघितली. शी!
नवसाबाईने नागलीची भाकरी दिली. बाणेदारपणे नाकारली. नंतर दोन खाल्ल्या. "आईला ठाव हाय का, कुठं हायेस ते?" म्हणाली. चटणी तिखट होती, म्हणून डोळ्यांत पाणी आलं.

५ मे
प्रतिभाला शेवटचा चान्स म्हणून हरसूलच्या एसटीडी बूथवरून फोन केला. जड आवाजात म्हणालो, मी जंगलात राहतोय. कायमचा.
म्हणाली, "हो, ज्ञानेश म्हणाला. मजा आहे बाबा तुझी! बरं झालं फोन केलास. तिकडे करवंदं असतील ना? कच्ची आण. रविवारी मला बघायला पाहुणे येतायत, आईला लोणचं घालायचंय."
कोण पाहुणे, विचारलं. "पुण्याचे. इंजिनीअर आहे," म्हणाली. लाजली. फोनवरसुद्धा कळतं.

६ मे
करवंदीच्या जाळीत सकाळ गेली. हात ओरबाडले, बोटं चिकाने चिकट. नवसाबाई म्हणाली, "पिकलेली घे की, गोड हायती." नको म्हणालो. शोधून शोधून सगळ्यात आंबट तोडली. इंजिनीअरचे दात असे आंबले पाहिजेत की होकार द्यायला तोंड उघडता येऊ नये.
पिशवी भरली. दुपारच्या एसटीने निघतोय. हरलो म्हणून नाही. करवंदं सुकतील म्हणून.