अडीच इंची लागलं

लातूर,
२२ एप्रिल

तीर्थस्वरूप उमाशंकरअण्णा यांना विरूपाक्षचा शरणु शरणार्थी.

आपली, वहिनींची आणि डाळीच्या गिरणीची प्रकृती उत्तम असेल असे धरून चालतो. (गिरणीची चौकशी मी आयुष्यात प्रथमच करतो आहे, हे आपल्या लक्षात आलेच असेल.) माझी तब्येत ठणठणीत आहे. खोकला आपल्या बहिणीला होता, आणि तो घेऊन रत्नम्मा उदगीरला आपल्याकडे आली त्याला आज अठरा दिवस झाले. जाताना ती "घरात एक तर भुसा राहील, नाहीतर मी" एवढेच बोलली. मी हजारभर भाषणे दिली असतील, पण इतके आटोपशीर वाक्य मला एकदाही साधलेले नाही. फोन केला की आपण "हं, देतो" म्हणून तो लगेच तिच्या हातात देता. ती "भुसा गेला का?" एवढे विचारते आणि मी "नाही, पण" म्हणेपर्यंत ठेवून देते. माझी सगळी मांडणी त्या 'पण'च्या पुढे असते. म्हणून पत्र.

हकीकत मुळापासून सांगतो. (मुळापासून निघाल्याशिवाय मला पुढे सरकता येत नाही, हे आपण मंडपात पहिल्या रांगेत बसून पुष्कळदा सोसले आहे.) निवृत्तीनंतर व्याख्यानांची आमंत्रणे कमी होत गेली. पूर्वी महिन्याला आठ असत, मग दोन झाली, मग वर्षाला बसवजयंतीचे एक. यंदा त्या एका जागी भावगीतांचा कार्यक्रम आहे. मी खचलो नाही. उलट बारकाईने विचार केला, तेव्हा असे दिसले की आपल्याकडे वक्त्याला कधीच धड पोडियम मिळत नाही. एक तर तो डुगडुगतो, नाहीतर वक्त्याचे फक्त कपाळ दिसते. तेव्हा आमंत्रण येईल तेव्हा येईल, पोडियम तयार असावा म्हणून मी मागच्या पडवीत करवत, रंधा आणि घासाईचे मशीन मांडले आणि हळदूचे लाकूड आणले. हळदू हे नावाप्रमाणे पिवळे लाकूड. त्याचा भुसा मैद्याइतका बारीक होतो आणि दार लावून थांबत नाही. तो स्वयंपाकघरात गेला, गाद्यांत गेला, आणि एके दिवशी देवघरातल्या विभूतीच्या डबीत जाऊन बसला. मी तीन दिवस कपाळाला लाकूड लावून बँकेत, बाजारात आणि एका मयतीला जाऊन आलो. कोणी ओळखले नाही. ओळखले रत्नम्माने, कारण कपाळाला बोट लावताच तिला अकरा शिंका आल्या, आणि बाराव्या वेळी खोकला सुरू झाला.

भुसा ओढून घेण्यासाठी मी प्रथम घरातला, गाद्यापडदे झाडायचा व्हॅक्यूम लावला. तो रत्नम्माच्या आवडीचा होता. नऊ मिनिटे त्याने निष्ठेने काम केले आणि मग धूर सोडला. त्याच संध्याकाळी तिने बॅग भरली.

ती गेल्यावर मी विषय हाती घेतला. घरगुती कारखान्यासाठी मोठा व्हॅक्यूम कसा निवडावा यावर मी सहा दिवस वाचन केले आणि ग्राहकांच्या चारशे बारा अभिप्रायांपैकी निम्म्याहून अधिक एकेक करून पाहिले. एका गृहस्थाने पाचपैकी पाच तारे देऊन खाली लिहिले होते, 'अजून खोका उघडला नाही.' मतदान या विषयावर मी चाळीस भाषणे दिली, पण तो प्रकार इतक्या थोडक्यात मला कोणी समजावला नव्हता. वॅट म्हणजे मशीन किती वीज खाते एवढेच, किती ओढते ते वेगळे, हेही तिथे कळले. (जास्त खाणारा जास्त ओढतो, या समजावर आपल्याकडे किती संस्था चालल्या आहेत!) ही मशिने सुके आणि ओले दोन्ही ओढतात असे जाहिरातीत ठळक लिहिलेले असते. लातूरमध्ये मशीन लावून ओढावे लागेल इतके पाणी कोण सांडतो, हे मात्र कोणी लिहीत नाही. शेवटी वीस लिटरच्या पिंपाचे एक मशीन मागवले. आठ मिनिटे ते असे चालले की मी आपल्या बहिणीला फोन लावायला घेतला. नवव्या मिनिटाला ते शीळ घालू लागले. बारीक भुशाने आतला फिल्टर गच्च भरला होता. मग मी तो काढून कंपाउंडच्या भिंतीवर आपटून साफ करू लागलो, दिवसातून सहा वेळा.

भिंतीच्या पलीकडे केवळाबाईंची गच्ची आहे आणि हे दिवस वाळवणाचे आहेत.

केवळाबाई एक कुरडई घेऊन आल्या. "सर, म्या कुरडयात हळद घातली न्हाई. मग ह्या पिवळ्या कशानं झाल्या?" मी खरे बोलणारा माणूस. म्हणालो, "हळदूने." त्या म्हणाल्या, "हळदीनंच की! पण घातली कोन, ते इचारू राहिले मी." एवढ्यात त्यांचे दूध उतू गेले म्हणून विषय तहकूब झाला.

फिल्टरखेरीज आणखी एक अडचण होती. मशीनची नळी सव्वा इंची, आणि रंध्याच्या ढलप्या तिच्यात अडकत. मोठी नळी हवी म्हणून मी नरसिंगच्या पंप-पाइपांच्या दुकानात गेलो. नरसिंग माझा जुना विद्यार्थी. आमचे बोलणे जसे झाले तसे देतो, कारण पुढच्या अनर्थात दोष माझा नसून मराठी भाषेचा आहे, हे मला नोंदवून ठेवायचे आहे.

मी म्हणालो, "नरसिंग, मला अडीच इंची लागतंय."

तो खुर्चीतून उठला. "काय सांगता सर! अडीच इंची लागलं? कुठं?"

"घरीच. मागच्या पडवीत."

"किती फुटावर?"

मला वाटले, पाइपाची लांबी विचारतो आहे. म्हणालो, "बारा फूट पुरे."

तो हळूच खाली बसला. "बारा फुटावर अडीच इंची," तो स्वतःशीच म्हणाला. "आमच्या भावकीनं नऊशे फूट नेलं सर, नुसता फुफाटा निघाला. तुमी लई पुण्यवान माणूस हाव." आणि चहा मागवला. माझ्या वक्तृत्वाचा उल्लेख असावा असे समजून मी तो घेतला.

बोअरचे पाणी आपल्या भागात इंचात मोजतात, हे मला ठाऊक नाही असे नाही. पण मी त्या वेळी भुशात होतो आणि तो पाण्यात होता. शिवाय गल्लीची तयारी आधीच झालेली होती. माझ्या पडवीतून दहा-बारा दिवस घर्रर्र आवाज येत होता आणि धुरळा उडत होता. एप्रिल महिन्यात लातूरमध्ये आवाज आणि धुरळा एकत्र आले तर त्याचा अर्थ एकच होतो, आणि त्या अर्थासाठी माणसे नाकाला पदर लावून मुकाट सोसतात. केवळाबाईंनी तर कुरडयांचे पुन्हा नावही काढले नव्हते. मी त्याला शेजाऱ्यांचे संस्कार समजत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता फाटक वाजले. बाहेर घागरी, हंडे, कळश्या आणि ऑटोत घालून आणलेली दोन पिंपे होती, त्यांच्यामागे तीस-चाळीस माणसे, आणि सर्वांत पुढे केवळाबाई. "शेजारधर्म म्हून काय हाय का न्हाई सर? धुरळा आमी खायचा आन् पान्याची खबर नरसिंगकडून कळावी? म्या कुरडया तशाच खाल्ल्या, शब्दानं बोलले न्हाई, म्हटलं जाऊ द्या, बोअर चालू हाय."

अण्णा, आता मी काय करावे? पोडियम पॉलिश करून अंगणात सुकायला ठेवलेला होता आणि समोर चाळीस माणसे होती. इतका श्रोतृवर्ग मला तीन वर्षांत मिळाला नव्हता. मी पोडियममागे जाऊन उभा राहिलो आणि गैरसमज ही समाजाची कशी पोखरणारी कीड आहे इथपासून सुरुवात केली. एकही माणूस उठून गेला नाही. (भांडी घेऊन आलेला माणूस रिकाम्या भांड्याने सहसा उठत नाही, हे सभाशास्त्रातले तत्त्व मी त्या दिवशी शिकलो.) पंचवीस मिनिटांनी मी व्हॅक्यूमपाशी आलो, तेव्हा केवळाबाईंनी हात वर केला.

"म्हंजे पानी न्हाई?"

"नाही."

"मग ते मशीन ओढतं काय?"

"भुसा."

"आन् भुसा करतं कोन?"

"मी," मी म्हणालो. सभा तिथेच संपली. जाताना दोघांनी घागरी मुद्दाम फाटकाला आपटल्या.

संध्याकाळी केवळाबाईंची सून तनुजा एकतीस सह्यांचे निवेदन घेऊन आली. मी उभ्याउभ्याच वाचले. भाषा अप्रतिम होती. 'धूळ उडवणारा आपले अंगण झाडत नसतो, तो दुसऱ्याच्या छातीत आपला कचरा साठवत असतो', असे एक वाक्य होते. 'ज्याच्या घरातून धूळ निघते त्याने ती आधी आपल्या ताटात घ्यावी', असे दुसरे. वक्त्याचा दम ओळखू येत होता. मी 'शेजारी'तला र्‍हस्व केलेला 'रि' दुरुस्त केला, एका ठिकाणी स्वल्पविराम दिला, आणि तनुजाला म्हणालो, "उत्तम. कोणी लिहिलं?" ती म्हणाली, "तुमीच की सर."

खरेच होते. इथे राहायला आलो तेव्हा मीच माझ्या 'धुळीचे राज्य' या भाषणाची पुस्तिका घरोघरी वाटली होती. तिने फक्त 'डाळ गिरणी' खोडून तिथे 'विरूपाक्ष सरांची पडवी' घातले होते.

ते भाषण आपण विसरला नसाल. २००९ साली उदगीरच्या भर चौकात मी ते आपल्याच गिरणीविरुद्ध दिले. "मेव्हण्याची असली म्हणून काय झाले, निर्लज्ज धूळ ती निर्लज्ज धूळ", या वाक्यावर दोन मिनिटे टाळ्या पडल्या होत्या. पुढे तपासणी झाली आणि आपल्याला गिरणीवर तो सायक्लोन बसवावा लागला, म्हणजे तो उलट्या नरसाळ्यासारखा पत्र्याचा डेरा, जो हवा गरगर फिरवून कोंडा खाली पाडतो आणि स्वच्छ हवा तेवढी वर सोडतो. त्यानंतर दोन वर्षे आपण मला सणावाराला जेवायला बोलावले, पुरणपोळीवर तूपही वाढले, पण बोलला नाहीत. मीही बोललो नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

निवेदन घेऊन मी आत गेलो आणि राहिलेले अभिप्राय वाचायला बसलो. चारशे बारावा, सगळ्यांत शेवटचा, कोणा अनुभवी सुताराचा होता. 'मशीन कुठलेही घ्या. बारीक भुसा फिल्टरपर्यंत जाऊच देऊ नका. मध्ये एक लहानसा सायक्लोन बसवा.' मी लॅपटॉप मिटला आणि पोडियम अंगणातून आत आणून ठेवला.

परवा वहिनींचा फोन आला तेव्हा कळले की आपल्या आवारात रोज इतकी डाळ भरडली जाते, तरी ओट्यावरून बोट फिरवले तर स्वच्छ निघते, आणि रत्नम्माचा खोकला चौथ्या दिवशीच गेला. (हवापालटाने असे होते.) असो. माझी मते होती तीच आहेत. त्या भाषणातला एक शब्दही मी मागे घेत नाही. या पत्रामागे कसलीही अपेक्षा नाही, केवळ खुशाली कळावी म्हणून लिहिले. वहिनींना शरणार्थी सांगावा. बहिणीला, मी विचारत होतो असे मुद्दाम सांगू नये. तिने विचारले तर सांगावे.

आपला,
विरूपाक्ष

ता. क. आपण गिरणीवर नवा मोठा सायक्लोन बसवल्यापासून जुना लहान गोदामामागे लिंबाखाली पडून आहे आणि त्यात मांजर व्याली आहे, असे कळते. पिल्लांचे डोळे उघडले असतील तर त्यांची दुसरीकडे सोय लावून तो लातूरला येणाऱ्या डाळीच्या पिकअपमध्ये टाकून द्यावा. नळीचे तोंड अडीच इंची लागते. ड्रायव्हरला हे वाक्य गल्लीत मोठ्याने बोलू नको म्हणावे.

ता. क. दुसरा. त्या भाषणातला 'निर्लज्ज' हा शब्द मागे घेतो. तेव्हा तो चुकीच्या पत्त्यावर पडला होता. आता त्याला योग्य पत्ता मिळाला आहे.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरे तर यासाठीच. रत्नम्माला गुडघ्यांमुळे लिंगपूजेला खाली बसता येत नाही, आणि इथे ती तेलाच्या डब्यावर उशी ठेवून बसत असे. हे मी चार वर्षे पाहत होतो, आणि लाकूड आणून करायला घेतला तो पोडियम. आपल्याकडे ती कशावर बसते, त्याची जमिनीपासूनची उंची इंचात मोजून कळवावी. टेप लावताना तिने विचारले तर पाइपाचे माप घेतो आहे म्हणावे. पोडियम चांगल्या लाकडाचा आहे, वरची फळी रुंद आहे, फक्त पाय कापायचे आहेत. सायक्लोन आल्याशिवाय मी त्याला करवत लावणार नाही. ती येईल तेव्हा घरात भुसा नको.