दोन फोनच्या मधली वाट

प्रिय सुनंदा,

सोमवारी सकाळी आंघोळ करून मी देवापुढे दिवा लावला, पाट मांडला आणि पाटावर पोथीऐवजी दोन फोन ठेवले. एक माझा आणि एक तुझा. तुझा म्हणजे अंगणवाडीचा, सरकारने दिलेला. आता तो घरात नाही. त्याच्या चार्जरची वायर ज्या खिळ्याला लटकायची, तो खिळा मोकळा आहे. म्हणून लिहायला बसलो. फोन कुठे गेला हे तुला दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मी सांगायला हवं.

तुला पत्र कधी लिहिलं नव्हतं. एका घरात राहणाऱ्या माणसाला पत्र कशाला लिहायचं?

तू चार दिवसांच्या तापात गेलीस. लोक म्हणतात, धीराचा माणूस आहे. धीर वगैरे काही नाही गं. गाईंना वैरण टाकतो, पेरूच्या बागेला पाणी देतो, पुढ्यात येईल ते जेवतो. मीठ कमी आहे की जास्त, ते कळत नाही. सुतक फिटलं तरी पोथी उघडली नाही. वीस वर्षं रोज सकाळी एक अध्याय वाचला आणि आता ती कापडात गुंडाळून तशीच पडली आहे. आपल्या पूनमने एकदा विचारलं. मी म्हणालो, डोळे दुखतात.

मग तुमच्या पर्यवेक्षिका बाईंचा फोन आला. फार जपून बोलल्या. "काका, राग मानू नका. तो मोबाईल आता नवीन ताईंच्या नावावर करायचा आहे. त्यातलं तुमचं काही असेल ते काढून घ्या, मोकळा करा आणि अंगणवाडीत देऊन टाका." मी होय म्हणालो. त्यानंतर दोन सोमवार गेले. एकदा गाय आजारी असल्याचं सांगितलं. गाय ठणठणीत होती. बाईंनाही कळलं असावं.

तुझा स्वतःचा फोन बटणांचा. जे काही असेल ते त्या सरकारी फोनमध्येच. तो मोकळा करायचा म्हणजे तू जे साठवलं होतंस ते पुसायचं. आणि त्यात काय आहे ते मला माहीतही नव्हतं.

माहीत का नव्हतं, हे तुला ठाऊक आहे. तू स्वयंपाकघरातून पाठवायचीस. माझ्या फोनवर अक्षरं उमटायची, ‘सुनंदा फाइल पाठवत आहे’, आणि खाली दोन बटणं, ‘स्वीकारा’ आणि ‘नाकारा’. माझे हात कधी दुधाचे, कधी मातीचे. मला वाटायचं, तुमच्या ऑफिसचे फॉर्म असतील. माझा फोन मोठा म्हणून तू ते मला तपासायला द्यायचीस ना? मी नाकारा दाबायचो.

"पुन्हा नाकारलं व्हय?" तू आतून ओरडायचीस. "सोन्याची वीट धाडली असती तरी तुमी न्हाईच म्हनला असता."

"ऑफिसचं ऑफिसात ठेव."

"ऑफिसचं न्हाई हो. एकदा आयका तरी."

ऐका म्हणालीस. बघा नाही म्हणालीस, ऐका. एवढा फरकसुद्धा माझ्या कानाला कळू नये?

एकदा मात्र मी घेतलं होतं. पूनमच्या लग्नाचे फोटो. तू ओट्यावर बसलेली, मी समोर, आणि मध्ये तुझी पाण्याची घागर. मी म्हणालो, घागर काढ आणि कुणी मधून जाऊ नका, तुटेल. तू पदर तोंडाला लावून किती हसलीस.

"अवो, निवद हाय का त्यो, मधून गेल्यावर बाटायला? भितीतनं जातंय ते."

ते मला तेव्हाही पटलं नव्हतं. आजही नीट पटलेलं नाही. दिसत नाही, तार नाही, मग ते जातं कुठून? ज्याची वाट दिसत नाही त्याच्या वाटेत उभं राहू नये, एवढंच मला कळतं.

तर सोमवारी पूनम संगमनेरहून आलेली होती. म्हणाली, "अप्पा, वस्तीवर नेट लागत नाही, पण त्याची गरजही नाही. दोन्ही फोन शेजारी ठेवा. तुमच्यावर घ्यायचं चालू करा, आईच्यावरून पाठवा." मी पाट मांडला. माझ्या फोनवर ‘जवळपासचे फोन’ असं आलं आणि खाली एकच नाव होतं. तुझं. मी त्याच्याकडे बघत बसलो. स्क्रीन विझली. पुन्हा लावली.

मग पाठवलं आणि या वेळी स्वीकारा दाबलं. दोन्ही बटणं माझ्याच बोटाने दाबली.

पट्टी हळूहळू भरत होती. पूनम धारेची बादली घेऊन गोठ्यातून आली, दारात थांबली, पाटाकडे बघितलं. तिला सगळं येतं, ती शिकलेली मुलगी आहे. तरी मागे वळली आणि घराला वळसा घालून मागच्या दाराने आत आली. एवढी भरलेली बादली घेऊन. त्या वेळी माझ्या छातीत काहीतरी हललं. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

फोटो होते, पोरांचे, वजनकाट्यावरचे, खिचडीचे. तुझा एकही नाही. फोटो काढणारी तू, तू कशी असशील? आणि एका कप्प्यात आवाज होते. एकेचाळीस. मला वाटलं, इथे तू सापडशील. पहिला लावला. कुणीतरी म्हातारा घसा खाकरून वाचत होता. कोण हा, असं मनात आलं. मग आपली तांबडी गाय हंबरली आणि कळलं, हा मी.

मी पोथी वाचताना तू देवघराच्या दाराआड उभी राहून धरून ठेवलं होतंस. अध्यायामागून अध्याय. मध्ये कुकरची शिट्टी, मध्ये माझा खोकला. तू कुठेच नाहीस. फक्त प्रत्येकाच्या शेवटी, मी पोथी मिटल्यावर, अगदी जवळून, हळू आवाजात तू एकच शब्द म्हणतेस.

"झालं."

आणि बंद. एकेचाळीस वेळा तेवढंच.

कशासाठी धरून ठेवलंस, हे त्याच दिवशी अंगणवाडीत कळलं. तुझ्या मदतनीस शांताबाई चुलीपाशी होत्या. मी आवाजाचं सांगितलं तर म्हणाल्या, "दाजी, तुमाला ठावं न्हवतं? खिचडी खाल्ली की पोरं आडवी करायची आन् तुमचं वाचन लावायचं. लई गप झोपायची. आन् बाईंचं ‘झालं’ आलं की उठायची, चपला घालायची. आता उठवता उठवता माझा घसा बसतोय."

तू मला सांगायला हवं होतंस. असं म्हणणार होतो, पण तू सांगितलं होतंस. माझ्या फोनवर किती वेळा आलं होतं ते.

नवीन ताई मनीषाताई. वयाने पूनमएवढ्या. फोन घ्यायला हात पुढे केला आणि म्हणाल्या, "काका, मी करते रिकामा. तुम्हाला त्रास नको." मी म्हणालो, नको. कुठे दाबायचं तेवढं दाखवा. अग्नी मी दिला, हेही मीच करीन. फोनने विचारलं, सर्व डेटा मिटवायचा? मी होय दाबलं. काळा झाला, पुन्हा उजळला, कोरा. त्यावर तुझं नाव नव्हतं.

मग मी माझा फोन काढला. ते एकेचाळीस आवाज त्याच कोऱ्या फोनवर परत पाठवले. मनीषाताईंनी स्वीकारा दाबलं. पोरं मधून पळत होती. मी कुणाला अडवलं नाही. सगळे आवाज पोचले.

एक ऐकून त्यांनी विचारलं, "काका, शेवटी सुनंदाताईंचा आवाज येतो. तो ठेवू की कापू?"

"राहू द्या," मी म्हणालो. "पोरांना कळायला नको का, उठायचं म्हणून?"

सुनंदा, पोथीचे अध्याय अजून पुष्कळ आहेत. जे तू धरून ठेवले नाहीस ते मी वाचेन, फोन पाटावर ठेवून, आणि दर शनिवारी अंगणवाडीत नेऊन देईन, हा माझा शब्द. त्यांच्या शेवटी कोण काय म्हणणार, ते अजून ठरलेलं नाही.

आज सकाळी कापड सोडलं. तू खूण म्हणून ठेवलेलं तुळशीचं पान वाळून चुरा झालं होतं, पण जागा सापडली. तिथून पुढे वाचलं.

पूनमचे अप्पा