पाचवा उद्गार

२० मार्च १९६०, रविवार

"अक्का, आप्पांनी चहा मागितला होता. वचन-बिचन काही नाही." लतिकाचं हे वाक्य नऊ वर्षांपूर्वीचं. आज नेमकं देवळाच्या पायरीवर आठवलं.

झालं असं — उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. सहा वाटून झालेत. पाळकसाहेबांनी मला थांबवलं. "बाई, पाचवा उरलाय. कुणी घेत नाही. तुम्ही गोष्टी लिहिता, तुम्हाला जमेल." पाचवा म्हणजे 'तहान लागली'. एवढंच. त्यावर दहा मिनिटं! पण आमच्या मंडळीत त्या दिवशी बाई अजून बोललेली नाही. हो म्हणून बसले. भायखळ्याच्या मंडईत भाजी घ्यायची होती, ती विसरून तशीच घरी आले.

२३ मार्च

हे म्हणाले, "उरलेला उद्गार, उरलेल्या वक्त्याला." मग स्वतःच टेबल पुसून दिलं, दिवा जवळ ओढून दिला.

चारही शुभवर्तमानं मांडून बसले. लूक सांगतो, येशूने शेवटी आपला आत्मा पित्याच्या हाती दिला. योहान सांगतो, तहान लागली म्हणाला, आंब, म्हणजे आंबलेला द्राक्षारस, घेतली, आणि मग 'पूर्ण झालं'. मत्तय आणि मार्क यांच्याकडे 'माझा त्याग का केलास' हा आकांत, आणि मग नुसती मोठी आरोळी. चौघंही एकाच टेकडीबद्दल लिहितात ना? लहानपणी आप्पांना हे विचारलं की ते मिशीत हसायचे. "चौघांनाही बोलू दे की. घाई कसली?"

२७ मार्च

आज स्त्रियांच्या वर्गात येशूच्या शेजारी वधस्तंभावर दिलेल्या दोन चोरांवरून जुंपली. मत्तय म्हणतो दोघांनीही येशूची निंदा केली. लूक म्हणतो एकाने केली, दुसऱ्याने त्याला दटावलं. मी समजावलं — आधी दोघंही बोलले असतील, मग एकाचं मन वळलं असेल. दोन्ही खरं.

सुंदराबाई पंचवीस वर्षं गिरणीत काढलेली. अक्षर ओळखत नाही, पण ऐकलेलं सगळं तोंडपाठ. म्हणाली, "आमच्या चाळीत नळावर भांडण झालं की चार बाया चार भांडणं सांगतात. नळ मात्र एकच असतो."

सगळ्या हसल्या. मी ते वाक्य भाषणासाठी टिपून घेतलं. तिला विचारून.

१ एप्रिल

यांनी नाताळातला कागदी तारा माळ्यावरून काढलाय. "एक मेला महाराष्ट्र येतोय. त्यालाही वाट दिसायला हवी."

४ एप्रिल

आज लिहितेच.

आप्पा — आमचे वडील, उपदेशक रामजी — गेले तेव्हा घरात आम्ही दोघी बहिणीच होतो. कोणी गेलं की आमच्यात भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "शेवटी कोणतं वचन म्हणाले?" मंडळीच्या मासिकातही मृत्यूच्या बातमीखाली अखेरचे शब्द छापतात. मी सांगितलं, लूकमधलं. आत्मा तुझ्या हाती देतो. माणसांनी डोळे पुसले. आणि कोपऱ्यातून लतिका म्हणाली, चहा मागितला होता.

मी सगळ्यांना म्हटलं, "तिला दुःखात सुचत नाहीये. मनावर घेऊ नका."

ती उठून आत गेली. पंधरा दिवसांनी दादरला बिऱ्हाड केलं. त्यानंतर नातेवाइकांच्या लग्नात दोनदा दिसली. दोन्ही वेळा मी पुढे झाले, आणि ती पंगतीत दुसरीकडे जाऊन बसली.

६ एप्रिल

सुचलं! भात उतू जाईपर्यंत मला भान नव्हतं.

लूक आणि योहान खोटे नाहीत. एकाने एक टिपलं, दुसऱ्याने दुसरं. मग आप्पांचंही तसंच. आधी वचन म्हणाले असतील, मग चहा मागितला असेल. लतिकाही खरी, मीही खरी. नऊ वर्षं उगाच भांडलो! हेच सांगून भाषण संपवायचं. तिच्या कानावर जाईलच. दादर काही लांब नाही.

हे म्हणाले, "आज भात करपलाय, पण तू छान दिसतेस."

१० एप्रिल, झावळ्यांचा रविवार

भाषण आधी वर्गात म्हणून दाखवलं. नळाच्या भांडणावर हशा. मग आप्पांचं आलं. आधी वचन, मग चहा, असं म्हणून मी पुस्तक मिटलं. दोघींनी पदर डोळ्याला लावले.

सुंदराबाईने झावळी विणता विणता विचारलं, "मग चहा करायला उठलं कोण?"

"मी."

"बरं," एवढंच म्हणाली. झावळीचा क्रूस करून माझ्या हातात दिला.

रात्री जेवण गेलं नाही. डोकं दुखतंय, असं यांना सांगितलं.

१२ एप्रिल

चहा मी केला. आप्पांनी तो माझ्याकडेच मागितला. स्टोव्ह लवकर पेटेना. कप घेऊन आले तेव्हा ते गेले होते, आणि त्यांचा हात लतिकाच्या हातात होता. वचन कुणीच ऐकलं नाही. एवढ्या मोठ्या उपदेशकाचा शेवट चहावर कसा करायचा, म्हणून ते मीच त्यांच्या तोंडी घातलं. लूक आणि योहान यांचा मेळ बसेल. आमच्या दोघींचा बसणार नाही, कारण खोटी मी होते.

आप्पांना तहान लागली होती. पाचवा उद्गार तो हाच.

सकाळी यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "पाकीट आहे का घरात?"

दादरला पत्र टाकलं. येणार नाही ती, मला ठाऊक आहे. तरी लिहिलं —

'लतिका, शुक्रवारी माझ्या जागी तू उभी राहा. आप्पांनी काय मागितलं ते सगळ्यांना सांग. मी पुढच्या बाकावर बसून ऐकेन.'