जावयाच्या तीन तबकड्या

तंजावूर, सोमवार

ती. वासुकीअक्काच्या पायांशी धाकट्या कृष्णमूर्तीचा नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? डॉक्टरनं दिलेलं तेल लावतेस, की नुसतं उशाशी ठेवून बरं वाटायची वाट बघतेस? इथे अंबा खुशाल आहे. माझी तब्येत ठीक, अब्रू मात्र अंथरुणाला खिळली आहे. फोन करत नाही, कारण तुझा लेक सुब्रमण्यम शेजारी बसून सगळं ऐकतो, आणि ही आपली मराठी लिपी तुमच्या पापनाशमच्या घरात तुझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाही. वाचून फाडून टाक.

तुला ठाऊकच आहे, हरिप्रियानं साईरामशी रजिस्टर लग्न केलं तेव्हा मी गेलो नाही, आणि वर चारचौघांत म्हणालो की खेळत फिरणारा माणूस संसार काय करणार. दोन वर्षांनी, या दिवाळीत, दोघं पहिल्यांदा घरी आली. सासरा-जावई दारापुढच्या ओट्यावर, तिण्णैवर, दोन टोकांना बसून रस्ता बघत होतो. (रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं.) शेवटी त्यानं पिशवीतून प्लास्टिकच्या तीन तबकड्या आणि एक छापील तक्ता काढून माझ्यापुढे ठेवला. डिस्क गोल्फ म्हणे. तबकडी फेकत फेकत लांबच्या साखळ्यांच्या टोपलीत घालायची, ज्याला कमी फेकी लागतील तो जिंकला. मामा, पोंगलला आलो की आपण दोघं खेळू, असं तो मान खाली घालून म्हणाला. अक्का, मला भरून आलं. ते येत्या रविवारी येताहेत.

तेहतीस वर्षं गणित शिकवलेला माणूस मी, आधी तक्ता घेऊन बसलो. एकेका तबकडीवर चार आकडे. पहिला वेगाचा, दुसरा तरंगण्याचा, तिसरा सुरुवातीला किती वळेल त्याचा, चौथा शेवटी किती कलेल त्याचा. इथवर ठीक. मग आलं स्टेबल, म्हणजे सरळ जाणारी. ओव्हरस्टेबल म्हणजे अति स्थिर, तेव्हा ती तर हलूच नये? छे. ती शेवटी डावीकडे ओढ घेते. आणि अंडरस्टेबल उजवीकडे वळते. स्थिरता जास्त झाली म्हणून वाकडं जाणारी वस्तू मी जन्मात पाहिली नव्हती (आपले थोरले काका सोडून), तरी पाठ केलं.

मग कालव्याकाठच्या मोकळ्या जागेत फेकायला गेलो. ओव्हरस्टेबल उजवीकडे गेली, थेट शेजारच्या भुवनाच्या वाळत घातलेल्या तांदळाच्या वडामांवर. अंडरस्टेबल डावीकडे, पाण्यात. रोज फेकलं, रोज वहीत मांडलं, रोज सगळं उलटं. भुवना आता वडाम गच्चीवर घालते आणि माझ्याशी बोलत नाही. दोन महिन्यांनी माझी खात्री पटली की तक्ता चुकीचा छापला आहे. शनिवारी साईरामला तीन पानी संदेश धाडला, वहीतल्या नोंदींसकट. शेवटी (देवानं बुद्धी कुठे ठेवली होती कोण जाणे) लिहिलं की डावं-उजवं न तपासता दुसऱ्याच्या हातात देणं तुमच्या स्वभावाला धरूनच आहे.

काल सकाळी अंबा कॉफी घेऊन कालव्याशी आली, दोन फेकी बघितल्या आणि म्हणाली, अहो, तुम्ही डाव्या हातानं फेकता. मी नाही म्हणालो. मग हाताकडे बघितलं. तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात होतं की हे सगळं उजव्या हातानं फेकणाऱ्यांसाठी, डावखुऱ्यांनी उलट समजावं. अप्पांनी जेवणं, लिहिणं, देणं-घेणं सगळं रागावून उजव्यावर आणलं, ते मला इतकं पटलं की फेकायचं तेवढं डाव्यावरच राहून गेलं हे साठ वर्षं माझ्या ध्यानातच आलं नाही. आंबे पाडताना माझा डावा हात तू अप्पांपासून लपवायचीस ना? आता काय करू. पोरगा एकदा स्वतः होऊन जवळ आला होता आणि मी त्याला पुन्हा ढकलून दिलं. जेवण जात नाही.

तुझा,
कृष्णमूर्ती

ता. क. खरं काम हे. मी लहानपणापासून डावखुरा आहे हे सांगणारं माझ्या माणसांत तूच उरली आहेस. साईरामला फोन करून तेवढं सांग. तुझं तो ऐकतो.

आणखी ता. क. पत्र टाकायला निघालो तोच त्याचं उत्तर आलं. आता तू त्याला फोन करायची गरज नाही. तो लिहितो, मामा, दिवाळीत तुम्ही माकडाला करवंटी फेकून मारलीत तेव्हाच मी पाहिलं होतं, डावखुरे आहात असं तोंडावर म्हटलं तर तुम्हाला अपमान वाटेल म्हणून बोललो नाही, तक्त्यात वाचाल असं वाटलं. रागाचा एक शब्द नाही. रविवारी येतोच आहे म्हणतो. तू शनिवारीच ये. मला त्याची माफी मागायची आहे, आणि अक्का, मी आजवर कुणाची मागितलेली नाही. तू नुसती शेजारी बस.