गुंडीचा क्रंबल

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते उघडलंस, एवढ्यानेच माझ्या जिवात जीव आला. फोन तू उचलणार नाहीस हे मला ठाऊक आहे, आणि मी तरी कोणत्या तोंडाने करणार? म्हणून तू रांधतेस त्या वसतिगृहाच्या पत्त्यावरच माणसाहाती पाठवतेय, स्वयंपाकघरात तुझ्या हाती पडेल. खरं म्हणजे एक अगदी साधी गोष्ट विचारायची, असं मनाशी ठरवून बसलेय. क्रंबलसाठी लोणी नेमकं किती थंड लागतं गं? रविवारी मी पहिल्यांदाच स्वतः केला. खाली फळांचं पाणी सुटलं आणि वरचा मैदा-लोण्याच्या चुऱ्याचा थर चुरचुरीत व्हायच्या ऐवजी कापडाला लावायच्या खळीसारखा झाला.

गुंडीला तू शिकवलास तेव्हा मी शेजारच्याच खोलीत होते. ती नऊ वर्षांची, ओट्याशी स्टुलावर उभी. मी मशीनवर कुणाच्या तरी कोटाचं अस्तर बदलत होते आणि तुमचं बोलणं अर्ध्या कानाने ऐकत होते. "बोटांच्या टोकांनी चोळ, तळवा लावू नकोस. तळवा गरम असतो, लोणी वितळतं," असं तू म्हणालीस. तर बाईसाहेब पळत आल्या आणि पिठाचे दोन्ही तळवे माझ्या गालांना लावून म्हणाल्या, "आई, गरम आहेत का सांग." मी रागावले, कोट काळा होता ना. सफरचंदं आधी थोडी शिजवून घ्यायची, पाणी सुटलं तर निथळायचं, चुरा वरून नुसता भुरभुरायचा, दाबायचा नाही, हे सगळं तिला त्या दिवसापासून पाठ आहे. मला नाही. मला वाटलं, घरात एकीला येतंय ना, पुरे.

आमच्याकडचं म्हणशील तर मी अजून त्याच दुकानात आहे, लोकांचे कपडे सैल नाहीतर घट्ट करून देते. मालकीणबाईंची नजर आता अधू झालीय, त्यामुळे बारीक काम सगळं माझ्याकडे आलंय. गुंडीचा बाबा अजून लिफ्टच दुरुस्त करतो. गुडघा धरतो त्याचा. हल्ली कामावरून आला की लगेच वर येत नाही, जिन्यात बसून राहतो. शेजारीण म्हणाली तेव्हा मला कळलं.  घरात यायला धीर गोळा करत असेल. मीही दुकानातून निघताना तेच करते, फक्त मी चालत करते.

ताई, तुझं-माझं जे झालं त्याला दोन वर्षं होऊन गेली. आपण जेवून उठलो होतो आणि तू माझ्यामागे स्वयंपाकघरात आलीस. हळू आवाजात म्हणालीस, "तिच्या ताटाकडे बघ जरा. ती खात नाही, अन्न नुसतं ताटात फिरवते. आमच्याकडे एक मुलगी अशीच करायची. डॉक्टरला दाखव." तेरा वर्षांची माझी पोर, वर्गात पहिली, नीटनेटकी, आणि तू तिच्यात खोट काढतेयस असं मला वाटलं. मी काय बोलले ते तू विसरली नसशीलच. मी मात्र दोन वर्षं ते आठवायचं टाळलं, म्हणून आज मुद्दाम लिहून काढते: "दोनशे पोरांना वाढणं वेगळं ताई, आणि एक वाढवणं वेगळं. ज्याचं त्यालाच कळतं." तुला मूल नाही, आणि का नाही हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. दवाखान्याच्या बाकावर तुझ्या शेजारी मीच तर बसायचे. तू चहाचा कप तसाच ठेवलास, पिशवी उचललीस आणि गेलीस. मी दारापर्यंतसुद्धा आले नाही. भांडी घासत बसले.

त्यानंतर पंधरा दिवसांत गुंडीने ओव्हनचा ताबा घेतला. शाळेतून आली की एप्रन बांधायची. आज सफरचंद, उद्या नासपती, परवा आलुबुखार. चुऱ्यात ओट्स घालून बघितले, जाड साखर घालून बघितली. कडेने रस बुडबुडायला लागल्याशिवाय भांडं बाहेर काढायची नाही, आणि बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं कुणाला हात लावू द्यायची नाही. इतका सुरेख व्हायचा गं! आमच्या मजल्यावरची चारही घरं खायची. मालकीणबाईंना डबा जायचा. मी पहिला चमचा घेतला की समोर बसून माझ्या तोंडाकडे टक लावून बघायची. "अजून घे ना आई." मी घ्यायचे. आणि मनात तुला म्हणायचे, बघ, म्हणे खात नाही! जी पोर खाण्यात एवढी रमते, तिला कुठला आजार? ती स्वतः कधी खायची, हे मी बघितलंच नाही. करता करता चाखलं, ओव्हनजवळ उभं राहून पोट भरलं, असं ती म्हणायची आणि मला पटायचं. मला पटवून घ्यायचंच होतं.

आता जे लिहितेय ते मी तिच्या बाबालाही सांगितलेलं नाही. तिच्या शाळेच्या स्कर्टची कंबर मी तीनदा आत घेतली. माझ्या हातांनी. तोंडात टाचण्या धरून तिच्यापुढे गुडघ्यावर बसले, खूण केली, उसवलं, शिवलं. तीनदा, ताई! उंची वाढली की पोरी बारीक होतात, असं मीच तिला सांगत होते, आणि ती मान डोलवत होती. तिसऱ्या वेळी तर त्याच आठवड्यात मी माझ्या स्वतःच्या कपड्यांची शिवण सैल केली होती, तिचा क्रंबल खाऊन खाऊन. गिऱ्हाइकाचा कपडा हातात घेतला की हे माणूस सुटलंय की वाळलंय, हे मी न बघता सांगते. दुकानात त्याचं कौतुक होतं. पोटच्या पोरीच्या बाबतीत माझे हात काय झोपले होते?

पाच आठवड्यांपूर्वी ती शाळेच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. खेळाच्या बाईंनी तिला उचलून गाडीत घातलं. त्या मला दवाखान्यात भेटल्या तेव्हा स्वतःच्या हातांकडेच बघत होत्या. म्हणाल्या, "अहो, उचलल्यासारखं वाटलंच नाही." डॉक्टरीणबाई वयाने तुझ्याएवढ्या असतील, बोलायला मऊ. त्यांनी विचारलं, घरी खाण्याचं कोण बघतं? मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, हीच बघते, फळांचा क्रंबल असा करते की विचारू नका, सगळ्यांना आग्रह करकरून वाढते. त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. मग समजावलं. अन्न टाळायच्या या आजारात असं होतं म्हणे. पोटातली भूक जात नाही, उलट डोक्यात दिवसभर खाण्याचाच विचार असतो. मग मुलं दुसऱ्यांसाठी रांधतात, दुसऱ्यांना खाताना बघतात आणि स्वतः उपाशी राहतात. म्हणजे मी एकेक चमचा तोंडात घालत होते तेव्हा माझी पोर समोर उपाशी बसून मला बघत होती. आणि मी तिला म्हणत होते, साखर जरा कमी झालीय बघ.

दवाखान्यातून घरी पाठवलं ते काय खायचं, केव्हा खायचं हे सगळं लिहून देऊन. तेव्हापासून आमचं घर म्हणजे जेवणाचं टेबल आणि त्याच्या तीन बाजूंना तीन घाबरलेली माणसं. मी विनवण्या केल्या. शपथा घातल्या. ओरडले. एकदा हात उचलला गं, आणि तिने गालही चोळला नाही, नुसती बघत राहिली. तिच्या बाबाने ताटासमोर हात जोडले. अर्धी पोळी संपायला दीड तास, आणि मग तीच पोळी तिच्या बाहीत सापडायची. मला आता काही सुचत नाही, ताई. दुकानात मला सुईसुद्धा ओवता येत नाही. मालकीणबाई अधू डोळ्यांनी मला ओवून देतात.

रविवारी दुपारी मी क्रंबल करायला घेतला, तो का ते माझं मलाच माहीत नाही. एवढंच वाटलं की आजवर तिने केला आणि मी खाल्ला, एकदा तरी उलटं व्हावं. लोणी घेतलं, मैदा घेतला, चोळायला लागले. ती दारात येऊन उभी राहिली. थोडा वेळ तिने सोसलं, मग म्हणाली, "आई, लोणी पार वितळलंय. मावशीने लाटण्याने मारलं असतं तुला." आणि हसली. किती महिन्यांनी हसली! मी तो लगदा तसाच भाजला. आम्ही समोरासमोर बसलो. तिने चमचा भरला.  चमचा ओठांपर्यंत गेला, परत आला, परत गेला.  शेवटी तिने चमचा ठेवला आणि लहान असताना रडायची तशी मोठ्याने रडली. "मला खायचंय गं आई. मला खरंच खायचंय. माझा हातच ऐकत नाही माझं." आजवर मला वाटायचं की ती हट्ट करतेय. रविवारी पहिल्यांदा कळलं की माझ्याहून जास्त ती घाबरलीय.

ताई, परवा सोमवारी तिला वॉर्डात दाखल करायचंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आता घरी ठेवण्यात धोका आहे, हृदयाचे ठोके फार मंद झालेत. तिथे रोज साडेबारा वाजता जेवणाला तिच्याजवळ घरचं एकच माणूस बसू शकतं, आणि ते कोण, हे तिनेच सांगायचं. आम्ही दोघं समोर उभे होतो. तिने आमच्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "मावशी." घरी आल्यावर मी विचारलं, मावशीच का? तर म्हणाली, "तुम्ही सगळे विचारता, खाल्लंस का. मावशीने शेवटच्या दिवशी विचारलं होतं, तुला भूक लागते का गं? मी नाही म्हणाले. खोटं बोलले ते तिला कळलं, म्हणून ती येत नाही ना आता?" दोन वर्षं पोर हे मनात घेऊन बसलीय, आणि मी तिला सांगत आले की मावशीला कामातून सवड होत नाही. काल मी तिला खरं सांगितलं. मी मावशीला काय बोलले, शब्द न् शब्द सांगितला.  तिने एवढंच विचारलं, "मग तू तिला बोलावलंस का?" म्हणून हे पत्र. तुला न विचारता मी वॉर्डाच्या फॉर्मवर तुझं नाव घालून आलेय. दवाखान्याचा पत्ता पाठीमागे लिहिलाय. माझ्याशी एक शब्दही बोलू नकोस. मी साडेबाराच्या आत तिथून निघून जाईन, आपली गाठही पडणार नाही. मला माफ करायचं की नाही ते पुढे कधीतरी बघ, नाहीतर बघूच नकोस. फक्त ये.

तुझीच,
धाकटी